काळी, पांढरी आणि निळी रेषा

मराठी मुलखातले जुने गाव आपल्या जमिनीला दोन नावांनी ओळखत असे. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर भिंत उभी केली तर थोड्याच वर्षांत भिंतीला तडा जातो. म्हणून घरे पांढरीवर. पिढ्यान्‌पिढ्यांची चुलीची राख, पडलेल्या भिंतींची माती आणि सारवणाचे थर साचून ही जागा आजूबाजूच्या रानाहून उंच झालेली असे. नदीकाठच्या गावांना याखेरीज आणखी एक पट्टा होता, मळईचा. पूर आला की तिथे गाळ बसे आणि पाणी ओसरले की त्याच गाळात गाळपेर होई. मळईत वैरण पिके, भाजी पिके, काकडी-कलिंगडे होत. घर मात्र कोणी बांधत नसे. त्यासाठी कायदा नव्हता. तिथे घर बांधणाऱ्याला गावाने वेड्यात काढले असते, इतकेच.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा सारा पट्टा अशाच गावांचा. दापोडीजवळ पवना मुळेला मिळते. तिथून पवनेच्या काठाने वर जावे तर सांगवी, पिंपळे गुरव, रहाटणी, थेरगाव, चिंचवड, रावेत अशी गावे लागतात. उत्तरेच्या अंगाला इंद्रायणी देहूवरून तळवडे, चिखली, मोशी करीत आळंदीला जाते. मोशीचा पूल ओलांडला की नाशिकच्या रस्त्याने चाकण, आणि चाकणच्या पलीकडे भामा. आज या गावांची नावे बसथांब्यांच्या पाट्यांवर आणि गृहसंकुलांच्या जाहिरातींत वाचायला मिळतात. काळी कुठे संपत होती आणि पांढरी कुठे सुरू होत होती, हे काँक्रिटखाली दिसेनासे झाले आहे.

ते अजूनही स्पष्ट दिसते असे एक ठिकाण चिंचवडगावात आहे. महासाधू मोरया गोसावी यांचे समाधिमंदिर अगदी पवनेच्या काठावर आहे आणि मंगलमूर्तींचा वाडा गावात, नदीपासून मागे, चढावर. पवना धरणातून पाणी सोडले आणि खाली पाऊस चालू असला की मंदिरात पाणी शिरते. वर्तमानपत्रांत दर दोन-तीन पावसाळ्यांनी त्याची छायाचित्रे येतात. पाणी दगडी भिंतींना लागते, आत येते, बाहेर जाते. मागे उरलेला गाळ धुऊन काढला की नित्याचे दर्शन सुरू होते. शतकांपूर्वीच्या बांधणाऱ्यांना नदी आत येणार हे ठाऊक होते. म्हणून तिथे ओल्याने बिघडेल असे काही ठेवलेच नाही, आणि माणसांनी राहायचा वाडा वर बांधला. दोन इमारती, दोन वेगळे न्याय.

या साध्या व्यवस्थेला विज्ञानात एक नाव मिळाले ते बरेच उशिरा. क्रॉफर्ड स्टॅन्ली हॉलिंग या कॅनडाच्या परिसरशास्त्रज्ञाने 1973 मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. निसर्गातील स्थैर्य आणि तग धरण्याची शक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याचे प्रतिपादन होते. स्थैर्य म्हणजे धक्का बसल्यावर लवकरात लवकर पूर्वस्थितीला येणे. तग म्हणजे मोठा धक्का सोसूनही आपले मूळ स्वरूप न गमावणे. एखादी गोष्ट वर्षानुवर्षे तिळमात्र हलत नाही म्हणून ती टिकाऊ आहे असे समजू नये, असे त्याचे म्हणणे.

त्याचा आवडता दाखला पूर्व कॅनडातील अरण्यांचा होता. तिथे फर वृक्षांच्या कोवळ्या पालवीवर जगणारी एक अळी आहे. काही दशके ती नावापुरती असते, मग एकाएकी तिचे पेव फुटते आणि जुने फर वृक्ष मोठ्या प्रमाणात मरतात. त्या मोकळ्या जागेत रोपे वाढतात आणि अरण्य पुन्हा उभे राहते. लाकूड वाचवण्यासाठी सरकारने औषधफवारणी सुरू केली. लाकूड वाचले. परंतु त्यामुळे सगळे अरण्य एकाच वयाच्या, दाट पालवीच्या, म्हणजे अळीला हव्या तशाच वृक्षांनी भरून गेले आणि फवारणी थांबवण्याची सोयच उरली नाही. लहान हानी दाबून ठेवल्याने मोठ्या हानीची तयारी होत राहिली.

पेढीवर बसणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावे लागू नये. दर दिवाळीला थोडी बुडीत येणी खर्ची टाकणारा व्यापारी टिकतो. सगळीच येणी खरी धरून सरवैया गोमटा ठेवणारा एके दिवशी एकदम बसतो.

पवनेचेही असेच झाले. पवना धरण 1970 च्या दशकाच्या आरंभी पुरे झाले. त्याच सुमारास खाली कारखानदारी फोफावत होती. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलिनचा सरकारी कारखाना 1954 मध्ये पिंपरीत स्थापन झाला. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले. मग टेल्को, बजाज आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी असंख्य लहान युनिटे. (टेल्कोच्या सुमंत मूळगावकरांनी खडकाळ माळावर झाडे लावली आणि तलाव राखला, ही गोष्ट त्या काळच्या उद्योगपतींच्या हिशेबात न बसणारी होती. आज तो तलाव आणि ती झाडे त्या भागाला केवढा दिलासा देतात हे उन्हाळ्यात जाणाऱ्याला कळते.) पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या गावांची मिळून 1970 मध्ये नगरपालिका झाली आणि 1982 मध्ये महानगरपालिका. 2001 च्या जनगणनेत लोकवस्ती सुमारे 10 लाख होती. 2011 मध्ये ती सव्वासतरा लाखांवर गेली. दहा वर्षांत सात लाख माणसांना घरे लागली.

धरणामुळे लहानसहान पूर अडले. जुनी माणसे दरवर्षी पाहत असलेले पाणी दहा-दहा वर्षे दिसेनासे झाले. मळई कोरडी राहू लागली. कोरडी जमीन मोकळी दिसते आणि शहरात मोकळ्या जमिनीला भाव असतो. त्यात इमारती पाडून निघालेला राडारोडा रात्रीच्या ट्रकांनी काठावर पडू लागला, काठ हातभर उंच झाला आणि नदीचे पात्र तेवढेच आवळले. अमेरिकेत गिल्बर्ट व्हाइट या भूगोलतज्ज्ञाने 1940 च्या दशकातच हे दाखवले होते. बांध घातला की पुराची भीती जाते, भीती गेली की वस्ती काठाशी येते, आणि बांधाला न जुमानणारा पूर येतो तेव्हा नुकसान पूर्वीपेक्षा अधिक होते. फवारणीने जे अरण्याचे झाले, ते धरणाने काठावरच्या घरांचे.

गावाची जी समज होती, तिच्या जागी आता नकाशावरची रेषा आली आहे. जलसंपदा विभाग नदीच्या दोन्ही तीरांवर दोन पूररेषा ठरवतो. सरासरी 25 वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी रेषा आणि 100 वर्षांतून एकदा येणारा पोचतो ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई. निळ्या आणि लाल रेषांच्या दरम्यान, जोते पुराच्या पातळीच्या वर घेण्यासारख्या अटींवर परवानगी.

‘25 वर्षांतून एकदा’ या शब्दांनी फार घोटाळा केला आहे. गेल्या वर्षी पूर येऊन गेला, आता चोवीस वर्षे निर्धास्त, असा त्याचा अर्थ नाही. प्रत्येक वर्षी तो येण्याची शक्यता 100 मध्ये 4, इतकाच अर्थ आहे. घराचे कर्ज बहुधा 20 वर्षांचे असते. 20 वर्षांत तो पूर एकदाही न येण्याची शक्यता 0.96 चा विसावा घात, म्हणजे सुमारे 44 टक्के. उरलेले 56 टक्के तो किमान एकदा येण्याचे. दुसऱ्या शब्दांत, निळ्या रेषेवर कर्ज काढून घेतलेल्या घरात हप्ते संपण्यापूर्वी पाणी शिरण्याचा संभव न शिरण्यापेक्षा जास्त आहे. लाल रेषेवरच्या घराला हाच आकडा 20 वर्षांत 18 टक्के आणि 30 वर्षांत 26 टक्के येतो. ज्या व्यवहारात चारांतून एकदा माल बुडण्याचा संभव आहे, तो व्यवहार कोणती पेढी विमा न उतरवता करील? शिवाय हे सगळे आकडे मागच्या पावसाच्या नोंदींवर बेतलेले आहेत. पाऊस थोड्या तासांत अधिक पडू लागला आणि जमिनीवर सिमेंट वाढले की 25 वर्षांचा पूर अधिक वेळा भेटीला येतो.

चिखलीत जे घडले ते या हिशेबाच्या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. गावाच्या नावाची व्युत्पत्ती पंडित काहीही सांगोत, त्या नावात चिखल ऐकू येतो. तिथे इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या आत 36 बंगले उभे राहिले होते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जुलै 2024 मध्ये ते पाडून नदीचे क्षेत्र पूर्ववत करण्याचा आदेश दिला; सर्वोच्च न्यायालयात तो कायम राहिला; आणि 17 मे 2025 रोजी महानगरपालिकेने बंदोबस्तात ते बंगले जमीनदोस्त केले. नदीने नेण्यापूर्वी यंत्रांनी नेले. त्याच भागातल्या कुदळवाडीत त्याच वर्षी फेब्रुवारीत भंगार व्यवसायाच्या हजारो शेड पाडल्या गेल्या होत्या, तो प्रश्न वेगळा. पण शेडचा माल दुसरीकडे हलवता येतो, घराची भिंत हलवता येत नाही.

अशा प्रसंगी सामान्य खरेदीदाराकडे असतात ती कागदपत्रे तपासली तर काय दिसते? नोंदणीकृत खरेदीखत, कराची पावती, विजेचे बिल. नोंदणी कार्यालय व्यवहाराची नोंद करते. बांधकाम वैध असल्याची हमी देत नाही. कर भरून घेतल्याने बांधकाम नियमित होत नाही. बँकेचा वकील मालकीहक्काचा तीस वर्षांचा शोध घेतो, पण तो शोध माणसांच्या फेरफारांचा असतो. या जमिनीवर पाणी शेवटचे केव्हा आले, हा फेरफार कोणत्याही उताऱ्यावर चढलेला नसतो. पूररेषांचे नकाशे पाहायला मिळतात आणि विकास आराखड्यावर त्या रेषा दाखवलेल्या असतात. प्लॉटचा दर जिथे आजूबाजूपेक्षा निम्मा सांगितला जातो, तिथे तो नकाशा पाहण्यास एक दुपार खर्च करणे महाग नाही. गावातल्या सत्तरी उलटलेल्या माणसाला ‘इथे पूर्वी काय पिकायचे’ एवढा एक प्रश्न विचारला तरी पुष्कळ उलगडते. उत्तरात मळईचे नाव आले की पुढची बोलणी थांबवावीत.

पाण्याची दुसरी बाजू उन्हाळ्यात कळते. ऑगस्ट 2019 मध्ये जुनी सांगवी आणि दापोडीच्या वस्त्यांत पुराचे पाणी होते. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून शहराला दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला आणि तो अपवाद न राहता नियम झाला. धरण भरलेले, नळ कोरडे. कारण शहर वर्षानुवर्षे एकाच धाग्यावर लोंबकळत होते: धरणातून पवनेत पाणी सोडायचे, रावेतच्या बंधाऱ्यावर उचलायचे, निगडीला शुद्ध करून वाटायचे. धरणापासून थेट बंद नळातून पाणी आणण्याची योजना मावळातील शेतकऱ्यांच्या विरोधात सापडली. 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावरच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा मृत्यू झाला आणि योजना एका तपाहून अधिक काळ थांबली. शहराची तहान आणि मावळची शेती एकाच नदीवर असल्याचा तो फार कडू पुरावा होता. आंद्रा धरणाचे पाणी चिखलीच्या केंद्रात येऊ लागले ते अगदी अलीकडे, आणि भामा-आसखेडची वाट पाहणे चालू आहे.

हॉलिंगच्या अनुयायांनी तग धरणाऱ्या व्यवस्थेची जी लक्षणे सांगितली त्यांत एकाच कामाला अनेक वाटा असणे हे ठळक आहे. अरण्यात परागीकरण एकट्या मधमाशीवर सोपवलेले नसते. या पट्ट्यातल्या नव्या गृहसंकुलांत वाटा दिसतात, पण फसव्या. नळाचे पाणी पुरत नाही म्हणून विंधनविहीर. इथल्या काळ्या कातळात पाणी फक्त भेगांत आणि वरच्या कुजलेल्या थरात असते, म्हणून शेजारच्या चार संकुलांनी चार विहिरी पाडल्या तरी उपसा एकाच साठ्याचा. तो आटला की टँकर, आणि टँकरही बहुधा जवळच्याच कोणाच्या विहिरीतून भरलेला. कागदावर तीन वाटा, जमिनीखाली एकच. छतावरचे पावसाचे पाणी मुरवण्याची व्यवस्था पुष्कळ ठिकाणी बांधकामाच्या परवानगीपुरती उरली आहे, आणि सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प वीजबिल वाचवण्यासाठी बंद. ज्या संस्थांनी ही दोन यंत्रे मनापासून चालवली त्यांचा टँकरचा खर्च उतरतो, हे त्यांच्या वार्षिक अहवालात कोणालाही वाचता येते.

नकाशावर पाहिले तर या शहरात घरे बांधण्याच्या दोन परस्परविरुद्ध रीती शेजारी शेजारी नांदतात. एक प्राधिकरणाची. 1972 मध्ये स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणाने निगडी-आकुर्डीच्या बाजूला आखीव सेक्टर वसवले: रुंद रस्ते, बागा, शाळांच्या जागा, बंगल्यांभोवती सामासिक अंतर. दुसरी रीत गुंठेवारीची. प्राधिकरणासाठी जमिनी संपादित होणार म्हणून अडकलेल्या आणि परताव्याची वाट पाहून थकलेल्या शेतकऱ्यांनी अर्धा-अर्धा गुंठा विकला. कामगाराने तो घेतला आणि वाल्हेकरवाडीपासून काळेवाडी-रहाटणीपर्यंत परवानगीविना घरे झाली. त्यांच्यावर शास्तीकराची टांगती तलवार अनेक वर्षे होती; 2023 मध्ये शासनाने तो माफ केला तेव्हा कुठे ती उतरली.

गुंठ्यातल्या घराकडे नाक मुरडणे सोपे आहे, पण त्यात शिकण्याजोगे काही आहे. ते एकदम बांधले जात नाही. पहिल्या वर्षी पत्र्याची खोली, बोनस मिळाला की स्लॅब, मुलगा मिळवता झाला की वरचा मजला, तो भाड्याने देऊन मुलीचे लग्न. उत्पन्न घटले तर बांधकाम थांबते, घर जात नाही. प्राधिकरणाच्या बंगल्याला आणि बिल्डरच्या सदनिकेला हे साधत नाही. सदनिका पहिल्या दिवशी पूर्ण असते आणि हप्ताही पहिल्या दिवशीच पूर्ण असतो. उलट त्याच गुंठेवारीच्या गल्लीत अग्निशमनाचा बंब वळत नाही, दोन भिंतींमध्ये हात जात नाही, नाल्यावर स्लॅब टाकून खोली काढलेली असते. कुटुंबापुरती लवचिक असलेली वस्ती गल्ली म्हणून ठिसूळ निघते. रुंद रस्ता आणि वाढते घर ही दोन्ही एका ठिकाणी आणणारी योजना या शहराला अद्याप सापडलेली नाही, आणि खरी उणीव तीच आहे.

व्यापारी कुटुंबांच्या जुन्या घरांत याचे उत्तर थोडेफार होते. चाकणच्या किंवा तळेगावच्या पेठेतले घर आठवावे. पुढे ओटा, आत गादी, मागे माजघर, परसात आड, वर माडी. दुकान आणि घर एकाच छपराखाली. भिंतीत धान्याचे बळद, माळ्यावर वर्षाची डाळ. दुष्काळाचे साल आले तर बळद उघडायचे. कापडाचा धंदा बसला तर त्याच गादीवर भुसार. भावांचे वेगळे झाले तर मधल्या दाराला कडी. तेच घर पेढी, कोठार, धर्मकार्याच्या पाहुण्यांची उतरण्याची जागा, सारे काही होते. त्याचे पुष्कळसे क्षेत्रफळ एरवी रिकामेच असे आणि आजचा वास्तुरचनाकार त्याला वाया गेलेली जागा म्हणेल. अर्थात त्या घरांत उजेड कमी होता, बाळंतिणीची खोली कोंदट होती आणि परसातला आड जवळच्या शोषखड्ड्याने नासत असे. त्यांची आरती करण्याचे कारण नाही. परंतु आजच्या सदनिकेत इंच न्‌ इंच विकलेला असतो, आणि ज्या दिवशी घरात आजारी माणूस, घरून काम करणारा मुलगा आणि बंद पडलेले दुकान एकदम येतात त्या दिवशी ते इंच कमी पडतात.

बळदाची जागा आता कागदावरच्या राखीव निधीने घेतली आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधींत प्रत्येक सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान 0.25 टक्के सिंकिंग फंड आणि 0.75 टक्के दुरुस्ती निधी सांगितला आहे. बांधकाम खर्च 20 लाख धरला तर वर्षाला अनुक्रमे 5,000 आणि 15,000 रुपये. पुष्कळ संस्थांच्या सभांत हीच रक्कम कमी करण्यावर सर्वाधिक जोर असतो. सिंकिंग फंडाचे 5,000 तीस वर्षे निष्ठेने भरले तरी मुद्दल दीड लाखच होते. त्यात इमारत पुन्हा उभी राहणार नाही. इमारत जीर्ण झाल्यावर कुटुंबाला पुन्हा उभे करते ती तिच्याखालची जमीन. आणि ती जमीन संस्थेच्या नावावर आहे का, हे पाहिले तर अनेक संस्थांत बिल्डरने अभिहस्तांतरण केलेलेच नसते. त्यासाठी मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद कायद्यात आहे. अर्ज करावा लागतो, कागद गोळा करावे लागतात. वाहनतळाच्या फरशा बदलण्यापूर्वी हे काम व्हायला हवे, हे हिशेबनीसाला पटते, सर्वसाधारण सभेला पटायला वेळ लागतो.

मोशीचा पूल ओलांडून चाकणला आले की प्रश्नाचे स्वरूप पालटते. इथे भीती नदीपेक्षा बाजाराची अधिक आहे. चाकण हे मूळचे व्यापाराचे गाव. संग्रामदुर्ग हा तिथला भुईकोट. फिरंगोजी नरसाळ्यांनी 1660 मध्ये शायिस्तेखानाच्या फौजेपुढे तो जवळजवळ दोन महिने लढवला. कांद्याचा आणि गुरांचा बाजार आजही भरतो. गेल्या पंचवीस वर्षांत मात्र भोवतीच्या महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, निघोजे, कुरुळी या गावांत वाहनांचे आणि सुट्या भागांचे कारखाने आले, आणि कामगारांसाठी शेतकऱ्यांनी दहा-दहा, वीस-वीस खोल्यांच्या चाळी बांधल्या. एक दार, एक खिडकी, पत्र्याचे किंवा स्लॅबचे छत, बाहेर सामायिक नळ.

2019 च्या उन्हाळ्यात वाहनांची विक्री घसरली आणि कारखाने आठवड्यातले काही दिवस बंद राहू लागले. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी झाली आणि बिहार, उत्तर प्रदेश, मराठवाडा, विदर्भाचे कामगार मिळेल त्या मार्गाने गावी गेले. खोल्यांना कुलपे लागली. डिसेंबर 2020 मध्ये तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना थांबला. पुढे तो ह्युंदाईने घेतला, पण मधली वर्षे तिथल्या कामगारांना मोजावी लागलीच. या तिन्ही धक्क्यांत कोणाची घरे तगली, हे पाहणे बोधप्रद आहे. खोल्यांचा मालक ज्याच्याकडे दोन एकर कांदा, चार म्हशी आणि बाजारात एखादा गाळा होता, त्याने भाडे सोडून दिले आणि वाट पाहिली; कामगार परतले तेव्हा खोल्या पुन्हा भरल्या. ज्याने सगळी जमीन विकून, वर कर्ज काढून चाळींवर चाळी बांधल्या, त्याला बँकेच्या नोटिसा आल्या. मोशी-चऱ्होलीतल्या सदनिकेचे हप्ते भरणारे जे दांपत्य एकाच उद्योगाच्या दोन कारखान्यांत होते, त्यांचे दोन्ही पगार एकदमच अडले.

व्यापारी कुटुंबांची गुंतवणूक या दृष्टीने क्वचितच तपासली जाते. दुकान चाकणला, गाळा भोसरीला, भाड्याने दिलेली सदनिका चिंचवडला, प्लॉट चऱ्होलीला. चार मालमत्ता, चार खातेउतारे, घरातली माणसे निश्चिंत. पण दुकानाचे गिऱ्हाईक, गाळ्याचा भाडेकरू आणि सदनिकेतला इंजिनियर हे तिघेही शेवटी मोटारी किती खपल्या यावरच जगतात. सगळा माल चार गाड्यांत भरला आहे असे वाटते, आणि चारही गाड्यांचे बैल एकाच गोठ्यातले असतात. विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्या की इंजिनाचे, गिअरचे, सायलेन्सरचे भाग बनवणाऱ्या लहान कारखान्यांपुढे काय वाढून ठेवले आहे, याची चर्चा भोसरीच्या चहाच्या टपरीवर आता रोज ऐकू येते. त्या चर्चेत घरांच्या भाड्याचा विषय अजून निघत नाही.

चाकणच्या आसपासची गावे मात्र अद्याप पूर्णपणे काँक्रिटखाली गेलेली नाहीत. महाळुंगेच्या चढावर खोल्यांच्या रांगा, गोदामे आणि वजनकाटे यांची दाटी आहे. तिथून उत्तरेला भामेच्या दिशेने उतरले की रस्ता अरुंद होतो, कारखान्यांचे पत्रे मागे पडतात. नदीलगतच्या पट्ट्यात कडवळ आणि घास उभा असतो. त्याचे भारे सकाळी मोटारसायकलींवर लादून चढावरच्या गोठ्यांत नेले जातात. या पट्ट्याला गिऱ्हाईक येत नाही असे नाही. पावसाळा संपला की दलाल येतात, फिती टाकतात, फोटो काढतात. पुढच्या श्रावणात पाणी बांधापर्यंत चढते, तेव्हा ते येत नाहीत.